आमचा उशीर तो गुन्हा, सरकारचा उशीर ती प्रक्रिया?



दर आठवड्याला इथं पिकाची नोंद असते. या वेळची नोंद अपिलाच्या मुदतीची आहे. लांबलचक आहे, पण ज्याची जमीन तलावाला, कालव्याला, रस्त्याला गेलीय किंवा ज्याचा फेरफाराचा वाद चालू आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी पण वाचा, कारण पुढचा रस्ता कुणाच्या शिवारातून जाईल हे कुणाला सांगता येत नाही.

वेळ पाळणं शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. वाफसा आला की दोन-तीन दिवसांत पेरणी उरकावी लागते. तुरीचे शेंडे पंचेचाळीस-पन्नास दिवसांच्या सुमारास खुडायचे म्हणजे तेव्हाच खुडायचे. चार महिन्यांनी रानात जाऊन "साहेब, फाईल टेबलावर होती" असं तुरीला सांगून भागत नाही. त्यामुळे कायद्यात मुदत असावी याला माझा विरोध नाही. भांडण कधीतरी संपलंच पाहिजे. जिंकलेल्या माणसाला एक दिवस निवांत झोप लागली पाहिजे, यासाठीच मुदत असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुदतीचं माप एक असावं. आज ती दोन मापं झालीत. एका मापानं आमचा उशीर मोजतात आणि दुसऱ्या मापानं सरकारचा. हे मी हवेत बोलत नाही. दोन प्रकरणं सांगतो, दोन्ही आमच्याच गावची.

पहिलं आमचं स्वतःचं. आमची सव्वादोन एकर जमीन साठवण तलावाला गेली. निवाड्यात जो भाव लावला त्यात शेजारच्या गावात एक एकर पण आली नसती. आम्ही सहा आठवड्यांच्या आत कलम १८ चा अर्ज दिला, पोच घेतली, जपून ठेवली. कोर्टात खरेदीखतं दाखवली, विहिरीचा पुरावा दिला, आंब्याची झाडं मोजून दिली. कोर्टानं मावेजा वाढवून दिला. निकालाविरुद्ध हायकोर्टात जायला सरकारला ९० दिवस होते. ते ९० दिवस गेले. आम्हाला वाटलं, मिटलं. आणि मग मूळ मुदत संपून ८११ दिवस झाल्यावर संबंधित खात्यानं अपील टाकलं. सोबत एक अर्ज, उशीर माफ करा म्हणून. कारण काय? फाईल अमुक टेबलावरून तमुक टेबलावर गेली, सरकारी वकिलाचा अभिप्राय मागवला, मग खात्याची मंजुरी, मग साहेबांची बदली, मग नवीन साहेब. चार पानं भरून तारखा. त्या तारखांमध्ये आठ-आठ महिन्यांची भगदाडं. त्या आठ महिन्यांत फाईल काय करत होती ते त्यात लिहिलेलं नाही. उशीर माफ झाला, आणि अपील आजही उभं आहे. या काळात माझा थोरला भाऊ वारला. सामनेवाला मेला की त्याच्या वारसांची नावं लावायला ९० दिवसांची मुदत असते, आणि ती लावायचं काम अपील करणाऱ्याचं. भाऊ वारल्याचं आम्ही लेखी कळवलं. तिथंही उशीर, तिथंही माफीचा अर्ज.

दुसरं प्रकरण आमच्या भावकीतल्या एका बहिणीचं. बाप गेल्यावर वारसाच्या फेरफारात तिचं नावच आलं नाही. ती सासरी, दीडशे किलोमीटर लांब. नोटीस बजावल्याचा कागद आहे, त्यावर अंगठा आहे; बाई सातवी शिकलेली, सही करते. तो अंगठा कुणाचा ते देवाला माहीत. तिला कळलं ते पीकविम्याच्या वेळी सातबारा काढला तेव्हा. प्रांताकडे अपील केलं. सात महिने उशीर धरला आणि अपील फेटाळलं. कारण लिहिलं: अपिलार्थीनं दिवसादिवसाच्या विलंबाचा समाधानकारक खुलासा केला नाही.

आता मला सांगा. ८११ दिवसांचा खुलासा "फाईल फिरत होती" एवढ्यावर भागतो, आणि जिला आदेशच मिळाला नाही तिच्याकडून दोनशे दिवसांचा एकेक दिवस मोजून मागतात. हे कुठलं माप?

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. मी वकील नाही, दहावी पास माणूस आहे, पण इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्यावर काही कलमं आपोआप पाठ होतात.

मुदतीचा कायदा १९६३ चा. दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्याविरुद्ध जिल्हा कोर्टात अपील करायचं तर ३० दिवस. हायकोर्टात करायचं तर ९० दिवस. हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टात विशेष परवानगीची याचिका करायची तर साधारण ९० दिवस. महसुलात वेगळं. तिथं जमीन महसूल संहितेचं कलम २५० आहे. आदेश कलेक्टरपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर ६० दिवस, नाहीतर ९० दिवस. आणि नीट ऐका, हे दिवस मोजायचे ते आदेश अपील करणाऱ्याला मिळाल्यापासून. नुसता आदेश झाल्यापासून नाही. म्हणजे बहिणीच्या प्रकरणात पहिला प्रश्न हा विचारायला पाहिजे होता की बाईला आदेश मिळाला कधी? तो विचारलाच नाही.

नवीन भूसंपादन कायदा, २०१३ चा, त्यात मुदत आणखी आवळली आहे. प्राधिकरणाच्या निवाड्यावर हायकोर्टात जायला कलम ७४ प्रमाणे ६० दिवस, आणि पुरेसं कारण असेल तर वर आणखी ६० दिवस.

राष्ट्रीय महामार्गात जमीन गेली असेल तर रस्ता आणखी वेगळा. तिथं लवादाकडे जावं लागतं, आणि लवादाचा निवाडा मान्य नसेल तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिने, वर फार तर ३० दिवस. त्याच्यापुढे एक दिवसही माफ होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००१ सालीच पॉप्युलर कन्स्ट्रक्शनच्या निकालात सांगून ठेवलंय.

उशीर माफ करायची सोय मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. शब्द साधे आहेत: पुरेसं कारण. या कलमात सरकार वेगळं आणि शेतकरी वेगळा असं कुठंही लिहिलेलं नाही. मग दुसरं माप आलं कुठून?

त्याची गोष्ट १९८७ सालची आहे आणि ती पण भूसंपादनाचीच आहे. जम्मू-काश्मीरात अनंतनागच्या भूसंपादन कलेक्टरनं कातिजी नावाच्या बाईविरुद्ध अपील केलं होतं. मावेजा चौदा लाखांच्या आसपास वाढला होता. सरकारला उशीर झाला होता चार दिवस. फक्त चार. हायकोर्टानं ते मुदतबाह्य म्हणून फेटाळलं आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, एवढं काटेकोर होऊ नका. दिवसादिवसाचा खुलासा मागायचा म्हणजे अक्कल गहाण ठेवून मागायचा असं नाही. उशीर करून कुणाचा फायदा होत नसतो. आणि सरकारला सावत्र वागणूक देऊ नका, सरकारी कामात टिपणं आणि फायलींमुळे वेळ जातोच.

निकाल वाईट नव्हता. चार दिवसांसाठी माणसाचा हक्क बुडू नये, हे मला पण पटतं. पण पुढं काय झालं? चार दिवसांसाठी उघडलेल्या दारातून चारशे दिवस गेले, आठशे गेले, हजार गेले. सरकारी माफीच्या अर्जात आजही कातिजीचं नाव घेतात. आणि त्याच निकालातलं "दिवसादिवसाचा खुलासा अक्कल वापरून मागा" हे वाक्य आमच्या बहिणीच्या कामी आलं नाही. बाईच्या नावानं झालेला निकाल बाईलाच लागू नाही, असला हा प्रकार.

सुप्रीम कोर्टाला हे दिसत नव्हतं असं नाही. २०१२ साली टपाल खात्याचं प्रकरण आलं, लिव्हिंग मीडिया कंपनीविरुद्ध. उशीर ४२७ दिवसांचा. कोर्टानं माफ केला नाही. मुदत सगळ्यांना बांधते, सरकारला पण, असं स्पष्ट म्हणालं. संगणक आले, फोन आले, तरी जुनी फाईलची सबब किती दिवस सांगणार, हा त्याचा मथितार्थ.

२०२० साली मध्य प्रदेश सरकार भेरूलाल या माणसाविरुद्ध ६६३ दिवस उशिरा सुप्रीम कोर्टात पोचलं. कोर्टानं याचिका फेटाळली, २५ हजारांचा खर्च लावला आणि तो उशिराला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यांकडून वसूल करा म्हणालं. त्या निकालात कोर्टानं एक फार खरी गोष्ट सांगितली. पुष्कळदा सरकार जिंकायला येतच नाही. सुप्रीम कोर्टानं फेटाळलं असा शिक्का फाईलवर लागावा, म्हणजे खालच्या अधिकाऱ्यावर बालंट येत नाही, एवढ्यासाठी येतं. सर्टिफिकेट घ्यायला येतं. आता विचार करा, कुणाच्या तरी फाईलच्या सर्टिफिकेटसाठी एखादा शेतकरी दोन-चार वर्षं लटकतो.

२०२१ साली आपल्याच महाराष्ट्र सरकारचं प्रकरण होतं, बोर्से ब्रदर्स या ठेकेदार कंपनीविरुद्ध. तिथं लवाद कायद्याखालचं अपील होतं, मुदत आखूड होती, उशीर माफ झाला नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात शिवम्मा विरुद्ध कर्नाटक गृहनिर्माण मंडळ. जमिनीचाच वाद. मंडळ दुसऱ्या अपिलात ३९६६ दिवस उशिरा आलं. वर्षांत मोजा, अकरा वर्षांना थोडे कमी. आणि कर्नाटक हायकोर्टानं तो उशीर माफ केला होता! सुप्रीम कोर्टानं ती माफी रद्द केली, २५ हजार खर्च लावला, आणि सरकारी आळसाला हायकोर्टांनी पाठीशी घालू नये असं सांगितलं. पण ते सांगेपर्यंत मूळ शिवम्मा हयात नव्हती. खटल्याच्या नावातच तिच्या पुढे कंसात "मयत" लिहिलंय.

म्हणजे वरचं कोर्ट २०१२ पासून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतंय. तरी २०२५ साली परत सांगावी लागते, याचा अर्थ खाली कुणी ऐकत नाही. आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन सरकारचा उशीर अडवायची ऐपत किती शेतकऱ्यांची आहे? दिल्लीच्या वकिलाची फी आणि रेल्वेचं भाडं धरलं तर वाढीव मावेज्यातलं काय उरतं?

आता दुसऱ्या बाजूचं पण ऐकतो. परवा पारावर एका निवृत्त कारकुनाशी याच विषयावर वाद झाला. ते म्हणाले, पाटील, सरकार म्हणजे एक माणूस नाही. हजारो खटले, एका अपिलाला पाच सह्या. आणि मावेजा जातो तो जनतेच्या पैशातून. एखाद्या ठिकाणी संगनमतानं भाव वाढवून घेतला असेल आणि मुद्दाम अपिलाची मुदत घालवली असेल, तर उशिरापायी जनतेचा पैसा बुडू द्यायचा का?

मुद्दा खोटा नाही. असं होत असेल. पण मग मुद्दाम मुदत घालवणाऱ्या अधिकाऱ्याला धरा. त्याच्या पगारातून कापा, त्याची चौकशी लावा. माफीच्या अर्जात "बदली झाली" असं लिहिण्याऐवजी त्या टेबलावर कोण बसलं होतं त्याचं नाव लिहा. ते कधी लिहीत नाहीत. झोपला अधिकारी आणि भोगायचं शेतकऱ्यानं, हा कुठला जनतेचा फायदा? शिवाय वाढीव मावेज्यावर जुन्या कायद्यानं पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं १५ टक्के व्याज चढतं. पैसे कोर्टात न भरता अपील लांबवत बसलं तर तो बोजा जनतेच्याच डोक्यावर. मग जनतेचा पैसा वाचवायचा मार्ग वेळेत अपील करणं आहे, आठशे दिवसांनी करणं नाही.

ते पुढं म्हणाले, शेतकऱ्याला पण माफी मिळतेच की. मिळते, खरं आहे. २०१७ साली के. सुब्बारायडू या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचा ३६७१ दिवसांचा उशीर माफ केला. पण कसा? उशिराच्या काळातलं व्याज मिळणार नाही, या अटीवर. आणि २०२४ साली पाथापाटी सुब्बा रेड्डी या प्रकरणात जमीन गेलेल्याच्या वारसांचा ५६५९ दिवसांचा उशीर माफ केला नाही. दार बंद. म्हणजे शेतकऱ्याला माफी मिळालीच तर किंमत मोजून मिळते, नाहीतर मिळत नाही. मला दोन्ही मान्य आहे. उशीर केला, किंमत मोजा. मग सरकारनं उशीर केला की सरकारची किंमत कोणती? २५ हजार रुपये? ते पण सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यावर? त्या पैशात आमच्याकडं आज विहिरीवर एक मोटर आणि थोडी केबल येते.

मापं दोन आहेत याचा आणखी एक पुरावा देतो. निकाल आपल्या बाजूनं लागला की वकील सांगतात, वरच्या कोर्टात कॅव्हेट टाका, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही. बरोबर सल्ला आहे. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे कॅव्हेट टिकतं ९० दिवस. अपिलाची मुदत ९० दिवस, कॅव्हेट ९० दिवस, हिशोब बरोबर जुळतो. पण सरकार येतं ८११ व्या दिवशी. तोवर कॅव्हेट कधीच मेलेलं असतं. शेतकऱ्यानं काय दर तीन महिन्यांनी नवीन कॅव्हेट टाकत बसायचं? जो वेळेवर वागतो त्याचंच हत्यार बोथट होतं.

आणि स्थगितीचं म्हणाल तर नुसतं अपील टाकलं म्हणजे खालच्या निकालाला स्थगिती मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते. संहितेत १९७६ च्या दुरुस्तीनं ऑर्डर ४१ मध्ये नियम ३-अ घातला. मुदतीनंतर अपील आलं तर सोबत उशिराच्या कारणांचा अर्ज आणि शपथपत्र पाहिजे, आणि अपील ऐकायचं की नाही हे ठरेपर्यंत वसुलीला स्थगिती द्यायची नाही, असा त्याचा रोख आहे. तुमचं असं प्रकरण असेल तर आपल्या वकिलाला हा नियम दाखवा आणि विचारा, आपली दरखास्त का थांबलीय? सरकारनं उशिरा अपील टाकलं एवढं ऐकूनच कितीतरी लोक दरखास्त करत नाहीत. घरी बसतात. सरकारला तेच पाहिजे असतं.

आता माझ्या मागण्या. कुणी आमदार, कुणी वकील, कुणी संघटनेवाले वाचत असतील तर त्यांनी पुढं न्याव्यात.

एक. प्रत्येक आदेशाच्या, निवाड्याच्या खाली ठळक मराठीत लिहा: या आदेशाविरुद्ध अपील अमुक ठिकाणी, आदेश मिळाल्यापासून अमुक दिवसांत. औषधाच्या डबीवर शेवटची तारीख छापतात, बियाण्याच्या पिशवीवर छापतात. ज्या कागदावर माणसाची जमीन जाते त्यावर छापायला काय अडचण आहे?

दोन. सरकारचं अपील मुदतीनंतर आलं तर वाढीव मावेजा व्याजासकट आधी कोर्टात भरा, मग माफीच्या अर्जाला उभे राहा. भरलेल्यातला निम्मा तरी शेतकऱ्याला जामीन न मागता उचलू द्या.

तीन. माफीच्या अर्जात ज्या टेबलावर फाईल पडून होती त्या अधिकाऱ्याचं नाव आणि तारखा लिहिणं सक्तीचं करा. खर्च लावला तर त्याच्या पगारातून. भेरूलालच्या निकालात हेच सांगितलंय, नवीन काही मागत नाही.

चार. माफीच्या अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लावा. उशीर माफ करायचा का, हे ठरवायलाच वर्षानुवर्षं लागतात, याच्याइतकी हसण्यासारखी गोष्ट नाही.

पाच. महसुली अपिलात ज्याला आदेश मिळालाच नाही त्याला उशीर झाला म्हणू नका. नोटीस खरंच बजावली का हे आधी तपासा, मग दिवस मोजा.

या मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर आपण काय करायचं तेही सांगतो, कारण नुसता राग काढून माफीचा अर्ज मंजूर होत नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा. निकालाचा दिवस धरत नाहीत. निकाल ५ जूनला लागला आणि मुदत ९० दिवस असेल तर शेवटचा दिवस ३ सप्टेंबर. नकलेचा अर्ज लगेच द्या, कारण नक्कल मिळवायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. १० जूनला अर्ज दिला आणि नक्कल १ जुलैला तयार झाली तर ते २२ दिवस वजा, म्हणजे मुदत २५ सप्टेंबरपर्यंत. पण नक्कल तयार झाल्याची तारीख धरतात, तुम्ही उचलायला गेलात ती नाही. तयार नक्कल महिनाभर कोर्टात पडून राहिली तर ते दिवस तुमच्या नावावर. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर सगळ्या तारखा असतात, त्या वाचायला शिका. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं.

टपालाचं पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का हा पुरावा आहे. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका. उशीर झालाच असेल तर कारणाचा कागद जोडा: दवाखान्याचा, पुराच्या पंचनाम्याचा, जो खरा असेल तो. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला वेळ कलम १४ प्रमाणे वजा मिळू शकतो, ते वकिलाला विचारा.

आणि ज्यांनी मावेजा वाढवून मागितलाच नव्हता पण त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्याला कोर्टानं वाढवून दिला, त्यांच्यासाठी जुन्या कायद्यात कलम २८-अ आणि नव्यात कलम ७३ आहे. कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिने. नकलेचे दिवस वजा, पण उशीर माफ करायची सोय त्या कलमात लिहिलेली नाही. म्हणजे गावातला एक जिंकला की त्यानं त्याच दिवशी बाकीच्यांना सांगायचं. भावकीचं भांडण असलं तरी सांगायचं. ते तीन महिने कुणाच्या अबोल्यासाठी थांबत नाहीत.

बहिणीचं अपील आता वरच्या अधिकाऱ्याकडे दाखल केलंय, एकोणचाळिसाव्या दिवशी, साठ दिवसांची मुदत असताना. त्यात पहिलाच मुद्दा लिहिलाय: आदेश मिळाल्याची तारीख दाखवा, नाहीतर उशीर म्हणू नका. काय निकाल लागतो तो इथं टाकीन.

तुमच्याकडे सरकारचं किती दिवस उशिराचं अपील आलंय, तेवढा आकडा खाली लिहा. नाव, गाव लिहू नका, नुसते दिवस लिहा. एका पानावर सगळे आकडे आले की मग बघू, फाईल फिरत होती असं किती वेळा म्हणता येतं ते.

राम राम.